मॉरिशस: आठ जागांचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

१२ मार्च १९६८ रोजी पोर्ट लुईच्या शां द मार्स मैदानावर युनियन जॅक उतरला आणि लाल, निळा, पिवळा, हिरवा असा चार पट्ट्यांचा झेंडा चढला. दांडीयात्रा निघाली तीच ही तारीख, मुद्दाम धरलेली. पण त्या दिवशी बेटावर ब्रिटिश फौज होती. जानेवारीत क्रिओल, म्हणजे मुख्यतः आफ्रिकी गुलामांचे वंशज, आणि मुसलमान यांच्या वस्त्यांत दंगल पेटली होती, आणीबाणी लागली होती. त्याआधी ऑगस्ट १९६७च्या निवडणुकीत शिवसागर रामगुलाम यांची स्वातंत्र्यवादी आघाडी जिंकली खरी, पण सुमारे ४४ टक्के मतं विरोधात गेली होती.

गोऱ्या साहेबाला 'जाऊ नका' म्हणणारे हे लोक कोण? बरेचसे क्रिओल, गोरे, चिनी, काही मुसलमानही. उसाच्या मळ्यांसाठी १८३४पासून हिंदुस्थानातून मजूर आणले गेले, त्यांतले काही मुंबई बंदरातून गेलेले मराठी. त्यांच्या वंशजांमुळे हिंदू निम्म्याहून अधिक झाले. बाकीच्यांची धास्ती एवढीच, की इंग्रज गेला की उरलं फक्त हिंदूंचं राज्य.

यावर घटनेत जो उपाय घातला तो 'बेस्ट लूझर', म्हणजे पडलेल्यांतला सर्वांत वरचा. तो नीट समजून घेऊ. संसदेसाठी मुख्य बेटावर २० मतदारसंघ, प्रत्येकी तीन जागा. रॉड्रिग्ज बेटाला दोन. एकूण ६२. त्यावर आणखी आठ जागा राखून ठेवल्या. उमेदवाराने अर्जातच आपला समाज लिहायचा: हिंदू, मुस्लिम, चिनी किंवा 'सर्वसाधारण लोकसंख्या'. या चौथ्या खान्याची व्याख्या मजेशीर आहे. राहणीवरून जो पहिल्या तिघांत बसत नाही, तो यात!

निकालानंतर प्रत्येक समाजाची लोकसंख्या, त्याला मिळालेल्या जागा अधिक एक, या आकड्याने भागायची. समजा, एका समाजाची माणसं दीड लाख आणि जागा पाच. सहाने भागलं की २५ हजार. दुसऱ्याची तीन लाख आणि जागा चौदा. पंधराने भागलं की २० हजार. भागाकार पहिल्याचा मोठा, म्हणून जागा त्याला; आणि ती त्या समाजाच्या पडलेल्या उमेदवारांत ज्याला मतांची टक्केवारी जास्त, त्याला. पुन्हा हिशेब, पुन्हा जागा. पहिल्या चार जागा देताना पक्ष पाहत नाहीत. पुढच्या चार जागा मात्र पक्षांचं आपसांतलं बळ बिघडू नये अशा बेताने देतात. हे यंत्र एकदा फार उपयोगी पडलं: १९८२ साली मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा एकाच आघाडीने नेल्या, आणि विरोधी बाकांवर जे चौघे बसले ते याच वाटेने.

मग बिघडलं कुठे? समाजाची नोंद करणारी शेवटची जनगणना १९७२ची. पुढे तो रकानाच काढला, पण भागाकार मात्र त्याच जुन्या आकड्यांवर चालू राहिला. त्यानंतर जन्मलेला माणूस या गणितात नाहीच! मिश्र लग्नातल्या मुलांनी कोणता खाना भरायचा, हाही पेच. समाज न लिहिणाऱ्यांचे अर्ज बाद होत. हा वाद संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपर्यंत गेला आणि २०१२ साली तिने मॉरिशसविरुद्ध मत दिलं. २०१४च्या निवडणुकीपुरती समाज न लिहिण्याची सूट मिळाली. तात्पुरती.

आपल्या मराठी मंडळींची गंमत पाहा. तिथे 'मराठी' ही वेगळी ओळख मानतात, शाळेत मराठी शिकता येते, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. घटनेच्या खान्यात मात्र ते हिंदूंतच मोजले जातात, तमिळ आणि तेलुगूंसारखे. आणि क्रम चुकला तर काय होतं, ते १९९८ साली दिसलं. नव्या नोटांवर हिंदी मजकूर तमिळच्या वर आला. तमिळ लोक रस्त्यावर उतरले आणि त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. आजही मॉरिशसच्या नोटेवर इंग्रजीखाली तमिळ आणि त्याखाली हिंदी आहे. बेटावर घराघरांत बोलली जाते ती क्रिओल भाषा, आणि तिला या रांगेत जागा नाही.