टॅटू असला तरी जपानच्या ओन्सेनमध्ये डुंबता येतं, पण बुकिंग नीट करा

नमस्कार मंडळी! दंडावर टॅटू आहे, जपानचं तिकीट काढून झालंय आणि आता कुणीतरी घाबरवलंय की तिकडे गरम पाण्यात उतरूच देत नाहीत. हे अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हा व्हिडिओ.

रियोकान काय असतं हे आधी झटपट. जपानी पद्धतीची मुक्कामाची जागा. खाली तातामीच्या चटया, रात्री घातलं जाणारं फुतोनचं अंथरुण, अंगावर युकाता, म्हणजे हलका सुती झगा. रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता बहुधा भाड्यातच धरलेला, आणि भाडं माणशी. पण लोक मुळात जातात ते ओन्सेनसाठी, म्हणजे जमिनीतून येणाऱ्या गरम पाण्यासाठी. जपानात याचा 1948 चा कायदाच आहे: उगमाशी पाणी किमान 25 अंश हवं, नाहीतर ठरवून दिलेल्या 19 घटकांपैकी एक तरी पुरेसा हवा. आपली वज्रेश्वरीची कुंडं या कायद्यात आरामात पास झाली असती.

फरक एवढाच की तिथं मोठ्या सामायिक हौदात, म्हणजे दाइयोकुजोमध्ये, पूर्ण उघड्यानं उतरायचं. बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, पण पोहण्याचा पोशाख चालत नाही. त्यामुळे टॅटू लपवायला जागाच नाही.

[स्क्रीनवर: 2015 ची आकडेवारी]

2015 मध्ये जपान सरकारच्या पर्यटन विभागानं हॉटेलं आणि रियोकानांना याबद्दल विचारलं होतं. उत्तर दिलेल्यांपैकी साधारण 56 टक्के म्हणाले, टॅटूवाले नकोत. 31 टक्क्यांची काहीच हरकत नव्हती. 13 टक्के म्हणाले, झाकून या. म्हणजे हा देशाचा कायदा नाही, ज्या त्या मालकाचा नियम आहे. एका दारात नकार मिळाला म्हणून शेजारच्या दारात मिळेलच असं नाही.

पण एवढं वावडं कशासाठी? इथं मी थोडी रेंगाळणार आहे, कारण मला हा भाग फार आवडतो.

1720 मध्ये, शोगुन म्हणजे लष्करी सत्ताधीश योशिमुनेच्या काळात, गोंदणं ही शिक्षा झाली. चोरी केलीस? घे हातावर पट्टा, जन्मभर मिरव. गंमत अशी की पुढच्या शंभर वर्षांत त्याच एडो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, लोक हौसेनं पाठभर ड्रॅगन गोंदवून घ्यायला लागले. आग विझवणारे, हमाल, मजूर. 1827 च्या सुमारास कुनियोशी या चित्रकारानं अंगभर गोंदलेल्या वीरांची चित्रं छापली आणि ती अशी खपली की हौसेला उधाण आलं. मग 1872 मध्ये मेइजी सरकारनं, म्हणजे शोगुनांनंतर आलेल्या सम्राटाच्या सरकारनं, गोंदण्यावर बंदी घातली. पाश्चात्त्य पाहुणे आपल्याला रानटी म्हणतील ही भीती. बंदी उठली थेट 1948 मध्ये, अमेरिकन ताब्याच्या काळात. तोवर गोंदणं आणि याकुझा, म्हणजे तिथल्या गुंडटोळ्या, लोकांच्या डोक्यात एकत्र बसले होते. 'टॅटूवाल्यांना प्रवेश नाही' ही पाटी खरं तर याकुझांसाठी होती. 'गुंडांना प्रवेश नाही' असं गुंडाच्या तोंडावर कोण म्हणणार? त्यापेक्षा टॅटूवर बोट ठेवणं सोपं.

आणि या नियमात भलतेच लोक सापडतात. जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवरच्या बायका हातांच्या पाठीवर हाजिची नावाचं गोंदण करून घ्यायच्या. त्यावर 1899 मध्ये बंदी आली. 2013 मध्ये होक्काइदोत एका माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी, बाईंना हनुवटीवरच्या पारंपरिक गोंदणामुळे स्नानगृहात घेतलं नाही, तेव्हा बराच गाजावाजा झाला. विचार करा, कपाळावर आणि हातावर हिरवं गोंदण असलेली आपली एखादी आजी तिथं गेली तर काउंटरवरचा माणूस काय करेल?

सैल होतंय हळूहळू. 2019 च्या रग्बी विश्वचषकाला गोंदलेले खेळाडू आणि प्रेक्षक मोठ्या संख्येनं येणार म्हणून बेप्पू शहरानं टॅटू चालणाऱ्या ओन्सेनची माहितीच जाहीर केली. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं की टॅटू काढायला डॉक्टरचा परवाना लागत नाही. होय, तोवर त्यावरही खटला चालू होता!

आता मुद्द्याचं. खासगी ओन्सेन दोन तऱ्हांचं मिळतं.

पहिलं, काशिकिरि-बुरो. रियोकानचाच एक छोटा हौद, जो साधारण पाऊण तास फक्त तुमचा. आतून कडी लावायची, बाहेर 'वापरात आहे' अशी पाटी. कुठं फुकट, कुठं काही हजार येन. वेळ आधी राखून ठेवा, नाहीतर पोचल्या पोचल्या काउंटरवर विचारा; जेवणाआधीच्या वेळा पटकन जातात. दुसरं, खोलीलाच जोडलेला उघड्यावरचा हौद, रोतेनबुरो. महाग, पण पहाटे तीनला उतरलात तरी कुणी विचारत नाही. नवरा-बायको आणि मुलांनी एकत्र डुंबायचं तर हेच दोन मार्ग, कारण दाइयोकुजोत वाटा वेगळ्या. आणि खरं सांगू? आपल्यातल्या बऱ्याच जणांची खरी अडचण टॅटू नसतेच, अनोळखी लोकांपुढे कपडे काढणं ही असते. त्यांनाही हेच औषध.

दोन ठिकाणी फसगत होते. बुकिंगच्या साइटवर 'प्रायव्हेट बाथरूम' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा खोलीत शॉवर आणि संडास आहे, इतकाच. ओन्सेनशी संबंध नाही. दुसरं, खोलीतल्या हौदात ओन्सेनचं पाणी आहे की नळाचं तापवलेलं, हे विचारून घ्या. 'गेन्सेन काकेनागाशी' असं लिहिलं असेल तर पाणी उगमाचं आहे आणि वाहून जातं, फिरवून परत वापरत नाहीत. जास्तीचे पैसे मोजायचे तर मी त्यासाठीच मोजेन.

[स्क्रीनवर: दोन वाक्यं]

विचारायचं कसं? 'तातू गा आरिमास. काशिकिरि-बुरो वा आरिमास का?' मला टॅटू आहे, खासगी हौद मिळेल का? ईमेलवर विचारा, उत्तर जपून ठेवा. लहान टॅटू असेल तर स्टिकर लावून सामायिक हौद वापरू देतात का, तेही विचारा. होशिनो रिसॉर्ट्स या हॉटेल कंपनीनं 2015 मध्ये 8 बाय 10 सेंटीमीटरचा स्टिकर देऊन हा प्रयोग केला होता. पाठभर वाघ असेल तर स्टिकरचा नाद सोडा.

खासगी म्हणजे वाट्टेल ते नाही बरं. आधी स्टुलावर बसून साबणानं स्वच्छ अंघोळ, मगच पाण्यात. हौदात साबण नाही. निघताना पाणी सोडून द्यायचं नाही, कारण तुमच्यानंतर दुसरे येणार आहेत. झाकण असेल तर परत ठेवा. पाणी साधारण 40 ते 42 अंश असतं, त्यामुळे दहा मिनिटांत बाहेर येऊन दम खा. आणि टॅटू ताजा असेल तर तो पूर्ण बरा होईपर्यंत पाण्यात उतरूच नका.

जायचं कुठं? टोकियोहून सोपं ते हाकोने, शिंजुकूहून रोमान्सकार गाडीनं दीड तासाच्या आत. पण माझं मन किनोसाकीवर आहे. क्योतोहून अडीच तास. तिथली सार्वजनिक स्नानगृहं टॅटूवाल्यांना सरसकट घेतात, आणि मुक्कामी पाहुणे युकाता आणि गेता, म्हणजे लाकडी चपला, घालून एकातून दुसऱ्यात टकटक करत फिरतात. याच गावात 1927 मध्ये एका रियोकानानं स्वतःच्या आवारात हौद बांधला म्हणून भांडण पेटलं. पाणी सगळ्या गावाचं, ते तुझ्या घरात कसं? प्रकरण 1950 मध्ये मिटलं. रियोकानांना आत हौद ठेवायला मिळाले, पण लहानच, म्हणजे लोक बाहेर पडतील. त्यामुळे किनोसाकीत खोलीबरोबर भलामोठा खासगी हौद शोधत बसू नका, बाहेर पडा.

शेवटी शाकाहाऱ्यांसाठी. रियोकानच्या जेवणात मासे नसले तरी रश्शात दाशी, म्हणजे उकळून काढलेलं सार, असतं, आणि ते बहुधा माशाचंच. टॅटूच्या त्याच ईमेलमध्ये हेही विचारून टाका, कारण तिथं पोचल्यावर सांगितलं तर स्वयंपाकघराला ताट बदलायला वेळ उरत नाही.