कर्ज त्याचं, दार दोघांचं

(दृश्य: सोसायटीचा जिना. दारावरच्या पाटीवर नवरा-बायको दोघांची नावं.)

वीजबिल त्याच्या नावावर, गॅस तिच्या. क्रेडिट कार्ड फक्त त्याचं, आणि स्टेटमेंट येतं त्याच्याच ई-मेलवर. तिला कळतं ते थेट फोन वाजल्यावर. "मॅडम, साहेब फोन उचलत नाहीत. पेमेंट कधी करताय?"

डोंबिवली घ्या, चाकण घ्या, नाशिक घ्या. फोन ठेवल्यावर तिच्या मनात येतं ते एकच: हे मी फेडायचं का?

कायद्याचं उत्तर छोटं आहे. नाही. कार्डाचा करार बँक आणि कार्डधारक यांच्यातला. ती जामीनदार नसेल, सहकर्जदार नसेल, तर नुसत्या लग्नामुळे देणेकरी होत नाही. तिच्या पर्समध्ये त्याच्या कार्डावरचं ॲड-ऑन, म्हणजे घरच्यांसाठी मिळणारं जोडकार्ड असलं, तरी बिल मूळ कार्डधारकाचंच. रिझर्व्ह बँकेचे निर्देश तसंच सांगतात. कार्ड बायकोचं असेल, तर नवऱ्यालाही हाच न्याय.

गोव्यात मात्र थोडं थांबावं लागतं. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक, अर्धी-अर्धी. मग कर्ज घरासाठी झालं की एकट्यासाठी, दुसऱ्याची संमती होती का, या प्रश्नांना वजन येतं.

(दृश्य: मोबाइलवर स्टेटमेंट. 'किमान देय रक्कम' या ओळीवर अंगठा.)

समजा, थकले एक लाख, व्याज महिन्याला साडेतीन टक्के. म्हणजे ३,५०० रुपये, वर १८ टक्के जीएसटीचे ६३०. किमान रक्कम ५ टक्के धरली, तर त्याने ५,००० भरले आणि मुद्दल उतरली ८७० रुपयांनी. तो म्हणतो, "भरतोय ना दर महिन्याला!" खोटं बोलत नाही बिचारा. अशा व्याजाला राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली वार्षिक ३० टक्क्यांची वेस घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ती काढून टाकली.

सिबिल स्कोअर ज्याचा त्याचा, ३०० ते ९०० मधला. त्याचा घसरला म्हणून तिचा हलत नाही. पण घर घ्यायला दोघं मिळून जातात, तेव्हा बँक दोघांचेही स्कोअर बघते. मग अर्ज तिच्या एकटीच्या पगारावर करायचा, आणि दोन बेडरूमचं घर कागदावरच एक बेडरूमचं होतं.

(दृश्य: दाराची बेल. शेजारचं दार किंचित उघडतं.)

वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचा नाही, घरच्यांना धमकवायचं नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण वसुलीवाल्याने शेजारच्या काकूंना नुसतं "ते इथेच राहतात ना?" एवढं विचारलं, तरी पुरतं.

बँक कोर्टात गेली, हुकूमनामा झाला, त्याच्या अंमलबजावणीची दरखास्त लागली, की बेलीफ, म्हणजे जप्ती करणारा कोर्टाचा कर्मचारी, येऊ शकतो. तो कशाला हात लावू शकत नाही, याची यादी १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये आहे. कर्जदाराचे, बायकोचे आणि मुलांचे गरजेचे कपडे. स्वयंपाकाची भांडी. अंथरूण-पांघरूण. आणि धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीने अंगावरून उतरवायचे नाहीत असे दागिने. मंगळसूत्र हा शब्द त्या कलमात नाही, पण आपल्याकडे दुसरं काय डोळ्यांपुढे येणार? बाकीचे दागिनेही, स्त्रीधन असतील तर, तिचेच. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात ते स्पष्ट केलं.

कार्डधारक वारला तर? बँक वारसांकडे येऊ शकते, पण त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतीच. तिच्या स्वतःच्या पगाराला हात लागत नाही. नॉमिनी म्हणून तिला मिळालेला भविष्य निर्वाह निधीही त्याच्या देण्यापासून मोकळा. त्याने १८७४ च्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली, तिच्या लाभासाठी स्वतःचा आयुर्विमा घेतला असेल, तर तोही सावकारांपासून सुरक्षित. मात्र ही नोंद पॉलिसी घेतानाच करावी लागते.

(दृश्य: सोनेतारण कर्जाचं दुकान. काउंटरवर वजनकाटा.)

इतकं सगळं असूनही ती दुपारी इथे आली आहे. बेलीफ आलेला नाही, कोर्टाची नोटीसही नाही. फक्त रोजचे फोन, आणि काकूंचं ते अर्धं उघडं दार. आधी पाटल्या काट्यावर जातात. आकडा पुरत नाही. मग ती गळ्यातलं काढते. घरी जाताना गळ्यात काळी पोत राहील. सासूबाईंनी विचारलं, तर तुटलं होतं, सोनाराकडे दिलंय म्हणायचं.

कार्डाची थकबाकी आज भरली जाईल. सोनेतारणाची पावती पर्समध्ये घडी घालून ठेवली आहे. कर्जदार म्हणून त्यावर नाव तिचं.