वजन उतरलेलं पाणी

नमस्कार श्रोतेहो. प्लास्टिकची एक रिकामी बाटली घ्या, बुडाजवळ खिळ्याने भोक पाडा आणि भोकावर बोट दाबून पाणी भरा. झाकण लावू नका. बोट काढलं की धार लागेल. आता खाली कोणी नाही ना, हे बघून बाटली गच्चीवरून सोडून द्या. ती पडत असेपर्यंत धार बंद होते! पाणी आणि बाटली बरोबरीने पडत असतात, त्यामुळे पाण्याचा भार भोकावर येतच नाही.

हाच प्रयोग विमानात बसून करता आला तर? अमेरिकेच्या नासाने १९९५ मध्ये कॉलेजच्या मुलांसाठी ही सोय केली. ह्यूस्टनच्या एलिंग्टन तळावरून केसी-१३५ विमान उडायचं, मेक्सिकोच्या आखातावर जाऊन ४५ अंशांच्या आसपास चढ घ्यायचं आणि फेकलेल्या चेंडूसारखी कमान काढत खाली यायचं. त्या कमानीत वीस-पंचवीस सेकंद माणसं, पेट्या सगळं तरंगायचं. विमान सावरताना वजन जवळजवळ दुप्पट व्हायचं, की लगेच पुढचा चढ. अशा तीसेक कमानी. अनेकांची पोटं ढवळून निघायची.

मुलांच्या पारदर्शक पेटीत रंगवलेलं पाणी असे. दुहेरी बंदोबस्त करून, कारण सुटलेला थेंब थेट विजेच्या तारांत शिरायचा. वजन उतरलं की सपाट पृष्ठभाग मोडतो आणि पाणी काचेच्या कोपऱ्यातून सरसर वर चढू लागतं. आपण 'अळवावरचं पाणी' म्हणतो ना? अळवाचं पान पाण्याला चिकटू देत नाही, स्वच्छ काच जवळ ओढते. जमिनीवर ही ओढ वजनाखाली दबलेली असते, इथे तिचंच राज्य. पॉल कॉन्कस आणि रॉबर्ट फिन या गणितज्ञांनी १९६९ मध्ये दाखवून दिलं, की कोपरा ठरावीक कोनापेक्षा अरुंद झाला की द्रव थांबत नाही, चढतच जातो. हळूहळू नव्हे, एकदम. मला यात फार आनंद वाटतो: कागदावरचं गणित विशीतल्या मुलांच्या डोळ्यांदेखत काचेवरून चढतं.

याचा उपयोगही मोठा. अवकाशयानाच्या टाकीत इंधन तळाशी बसत नाही, आणि इंजिनाच्या नळीत वायू शिरला तर घात. म्हणून टाकीत पातळ पाती बसवतात. त्यांच्या कोपऱ्यांतून इंधन आपसूक नळीपाशी येतं.

अडचण विमानाचीच. ते जरा थरथरलं तरी द्रव हिंदकळायचा. म्हणून काही पेट्या तरंगत्याच सोडायचे, कुठेही न बांधता. महिनोन्‌महिने तयारी, आणि हाती सगळ्या कमानी मिळून दहा-बारा मिनिटं. मग परत आल्यावर मुलं चित्रफितीची एकेक चौकट थांबवून कोपऱ्यातल्या पाण्याची उंची मोजत बसायची.

तुम्हीही बाटली सोडाल तेव्हा मोबाइलवर संथ गतीने चित्रण करा, आणि नजर भोकावर ठेवा.