रोल बनवणारे आणि रोलवर जीव टाकणारे

नमस्कार मंडळी. आजचा विषय जरा हटके आहे. कॅमेऱ्यात घालायचा रोल, हो तोच, छत्तीस फोटोंचा, जो आपण सगळ्यांनी बारशापासून बोहल्यापर्यंत पुरवून पुरवून वापरलाय. तो अजून बनतो, अजून विकला जातो, आणि तो बनवणाऱ्या कंपन्या आपल्या गिऱ्हाइकांशी इंटरनेटवर ज्या मोकळेपणाने बोलतात ना, तसं मी दुसऱ्या कुठल्या धंद्यात फारसं पाहिलेलं नाही. माल अर्धाकच्चा असेल तर सरळ सांगतात, अर्धाकच्चा आहे, घेऊन बघा आणि काय बिघडतंय ते कळवा. नाहीतर आपल्याकडे साधा मिक्सर बिघडला की फोन लावा, मग एक दाबा, दोन दाबा, मग ते संगीत ऐका, आणि शेवटी जो माणूस येतो त्याला मिक्सर म्हणजे काय हेच माहीत नसतं. असो, त्यावर बोलायला बसले तर पंधरा मिनिटं त्यातच जातील.

तर मला आज तुम्हाला एनस्खेडेची गोष्ट सांगायचीय. हे नेदरलँड्समधलं गाव, जर्मनीच्या सीमेला लागून. इथे पोलरॉइडचा कारखाना होता, म्हणजे तो चौकोनी फोटो, बटण दाबलं की घर्र करून बाहेर येणारा, खाली जाड पांढरी पट्टी असलेला. 2008 च्या फेब्रुवारीत पोलरॉइडने जाहीर केलं की आता ही फिल्म बनवणं बंद. जूनमध्ये कारखान्यात निरोपाचा कार्यक्रम ठेवला आणि त्याला व्हिएन्नाचे एक गृहस्थ आले, फ्लोरियान काप्स. हे मूळचे जीवशास्त्रज्ञ, आणि पीएचडी कशात, तर कोळ्याच्या डोळ्यांत! भिंतीवरच्या त्या कोळ्याच्या. मग तिथून हे फोटोग्राफीत आले आणि पोलरॉइड वेड्यांसाठी इंटरनेटवर एक जागा काढली, जगभरातले लोक आपापले फोटो स्कॅन करून तिथे टाकायचे, आणि त्याच्या जोडीला फिल्म विकायचं ऑनलाइन दुकान. म्हणजे फिल्म नक्की कोणाला हवीय, किती लोकांना हवीय, हे या माणसाला कंपनीच्या साहेबांपेक्षा जास्त माहीत होतं. हे लक्षात ठेवा, गिऱ्हाईक कोण आहे हे त्याला माहीत होतं.

कार्यक्रमात त्यांची गाठ पडली आंद्रे बॉसमन यांच्याशी. हे त्याच कारखान्यात वर्षानुवर्षं काम केलेले, उत्पादन सांभाळणारे. बिअरचे ग्लास हातात, गप्पा चालल्यात, आणि विषय निघाला की या मशिनी आता भंगारात जाणार. दोघांनाही ते पटेना. शेवटी त्या मशिनी विकत घेतल्या, 31 लाख डॉलरना, कारखान्याची एक इमारत भाड्याने घेतली आणि जुन्यांपैकी दहाएक कामगारांना पुन्हा कामावर बोलावलं. कंपनीचं नावच ठेवलं 'इम्पॉसिबल'.

आता तुम्ही म्हणाल मशीन आहे, माणसं आहेत, मग अडलं कुठे? तर अडलं रसायनांत. त्या खालच्या जाड पट्टीत रसायनाची एक छोटी पुडी दडवलेली असते, फोटो बाहेर येताना दोन रोलर ती फोडतात आणि तो लगदा फोटोभर पसरतो. त्या लगद्यातच एक रंगद्रव्य असतं जे फोटो तयार होईपर्यंत त्याच्यावर उजेड पडू देत नाही. पडद्यासारखं. पण कित्येक रसायनं आता कोणी बनवतच नव्हतं, पुरवठादारांनी गाशा गुंडाळलेला, त्यामुळे सगळी कृती नव्याने बसवायला लागली. 2010 च्या मार्चमध्ये पहिली फिल्म बाजारात आली, कृष्णधवल, पाकिटात आठ फोटो (आधी दहा असायचे), आणि तो पडदा काही नीट जमलेला नव्हता. फोटो कॅमेऱ्यातून बाहेर आला रे आला की उजेडाने खराब. उन्हाळ्यात वेगळा रंग, थंडीत वेगळा रंग. किंमत मात्र चांगली सणसणीत.

अशा वेळी दुसरी कंपनी काय करते? गप्प बसते. यांनी उलट सांगून टाकलं, बाबांनो, फोटो बाहेर येताच झाका. आणि लोकांनी काय काय केलं! कोणी फिल्मचं रिकामं खोकं कॅमेऱ्याच्या तोंडाशी धरलं म्हणजे फोटो थेट अंधारात जाईल, कोणी पाकिटावरचं काळं पुठ्ठ्याचं झाकण चिकटपट्टीने तोंडाला लावलं, जीभ बाहेर काढल्यासारखं, आणि एकमेकांना फोटोसकट दाखवलं की हे असं चिकटवा, इतकं लांब ठेवा. पुढे कंपनीने तीच आयडिया उचलली आणि गुंडाळून आत जाणारी प्लास्टिकची जीभ बनवून विकायला काढली. बेडकाची जीभच म्हणतात तिला! म्हणजे बघा, दोष कंपनीचा, उपाय गिऱ्हाइकाचा, आणि विकलं परत गिऱ्हाइकालाच, तरी कोणी तक्रार केली नाही, उलट खूश.

बरं एवढ्यावर भागलं नाही. काही महिन्यांनी त्या सुरुवातीच्या फोटोंवर आतून स्फटिक वाढायला लागले, चित्र खाऊन टाकायचे. ओलावा आत अडकलेला. मग पुन्हा तेच, लोकांनी कळवलं, कंपनीने मान्य केलं, आणि उपाय सांगितला की फोटो नीट वाळवा. चपलांच्या खोक्यात ती सिलिका जेलची पुडी येते ना, जी आपण लगेच फेकतो, ती लोक जपून ठेवायला लागले आणि फोटोंबरोबर डब्यात घालायला लागले. जे नेहमीचे, चिवट गिऱ्हाईक होते त्यांना कंपनी 'पायोनियर' म्हणायची. पुन्हा सांगते, माल खराब होता आणि लोक सोडून गेले नाहीत, कारण कोणी त्यांच्याशी खोटं बोललं नव्हतं.

आणि शेवट ऐका. 2017 साली या इम्पॉसिबलच्या सगळ्यात मोठ्या भागधारकाने पोलरॉइडचं नावच विकत घेतलं. आता 2020 पासून ही कंपनी सरळ पोलरॉइड म्हणूनच ओळखली जाते. ज्यांनी कारखाना बंद केला त्यांचं नाव, ज्यांनी तो वाचवला त्यांच्या दारावर. मला हा भाग सांगायला फार आवडतो, घरचे कंटाळलेत ऐकून.

वेळ बराच गेला, आता बाकीचं पटापट. इटलीत फेरानिया नावाची जुनी फिल्म कंपनी, तिथल्या नव्या लोकांनी 2014 मध्ये इंटरनेटवर वर्गणी मागितली, अडीच लाख डॉलर हवे होते, 3 लाख 22 हजारांवर जमले. साडेपाच हजार लोकांनी पैसे दिले आणि रंगीत फिल्मची वाट बघत बसले. मग जुन्या इमारतीत अ‍ॅस्बेस्टॉस निघालं, मग आणखी काही निघालं, तारखा पुढे पुढे. 2017 च्या फेब्रुवारीत आली ती कृष्णधवल, पी 30, तीही 'अल्फा' म्हणजे चाचणीची म्हणून. इथे लोक चिडलेसुद्धा, आणि माझं मत विचाराल तर रास्त चिडले. मोकळेपणाने बोलणं वेगळं आणि तारीख देऊन ती न पाळणं वेगळं. शिंप्याकडे पण हेच असतं, दिवाळीत आणि लग्नसराईत विशेष.

इंग्लंडच्या इलफर्ड या जुन्या फिल्म कंपनीचं मला कौतुक वाटतं. 2004 मध्ये कंपनी बुडायच्या बेतात, 2005 मध्ये आतल्याच सहा मॅनेजरांनी ती विकत घेतली, आता हार्मन नावाने चालते. वर्षातून एकदा ते विचारतात, कोणाला विचित्र आकाराची शीट फिल्म, म्हणजे रोल नाही तर सुटा तुकडा, हवीय का? बारा बाय वीस इंच, सात बाय सतरा, असले आकार, जगात मोजक्या लोकांकडे तेवढे मोठे कॅमेरे असणार, त्यांनी दुकानदारामार्फत मुदतीत ऑर्डर द्यायची, मग तेवढीच फिल्म कापायची. 2023 च्या डिसेंबरमध्ये त्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या कारखान्यात पूर्ण बनलेली रंगीत फिल्म आणली, फिनिक्स 200. आणि आणताना सांगूनच टाकलं की ग्रेन, म्हणजे फोटोत दिसणारा रवा, जाड आहे, कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेड-सावलीतला फरक, भरपूर आहे, ही प्रयोगातली फिल्म आहे, विकून येणारा पैसा पुढच्या सुधारणेत घालू. दिव्यांभोवती लाल तेज येतं तिच्यात. काहींना तेच आवडलं! 2025 मध्ये सुधारलेली दुसरी आवृत्ती आली.

आपल्याकडे पण होती हो फिल्म. उटीला, हिंदुस्थान फोटो फिल्म्स, सरकारी कंपनी, 1960 ची, 'इंदू' नावाने रोल आणि एक्स-रेच्या फिल्म यायच्या. जुन्या स्टुडिओवाल्यांना विचारा. त्या काळी तक्रार करायची तर पोस्टकार्ड, आणि मग पोस्टमनची वाट. इंदूला असे चिवट गिऱ्हाईक इंटरनेटवर मिळाले असते तर काय झालं असतं कोण जाणे, पण मशिनी जुन्या, बाजार डिजिटलकडे पळालेला, नुसत्या प्रेमाने कारखाना चालत नाही हेही खरं.

तर तुमच्यापैकी कोणी पुन्हा रोल वापरायला लागलं असेल, हल्ली कॉलेजची पोरं बरीच वापरतात, त्यांच्यासाठी एक कामाचं. फोटो बिघडले तर कंपनीला नुसतं 'फिल्म बेकार आहे' असं लिहू नका. खोक्यावरचा बॅच नंबर लिहा, रोल कुठे ठेवला होता ते लिहा (मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवला असेल तर तेही कबूल करा), कुठल्या डेव्हलपरमध्ये (म्हणजे रोल धुवायच्या रसायनात), किती तापमानाला, किती मिनिटं धुतला ते लिहा, आणि निगेटिव्हचा फोटो जोडा, प्रिंटचा नाही, निगेटिव्हचा. खोकं फेकू नका. बॅच नंबर खोक्यावर असतो, खोकं फेकू नका. मंडळी, आता बातम्यांची वेळ झाली, भेटू पुढच्या आठवड्यात.