जाडा मित्र, काटकुळा मित्र आणि व्हॅरिकोसील

नमस्कार मंडळी. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात ना, आजचा विषय तसलाच, व्हॅरिकोसील. पायाच्या फुगलेल्या शिरा सगळ्यांनी बघितल्या असतील, तशाच अंडकोषाच्या वरच्या शिरा फुगतात, झालं व्हॅरिकोसील. १०० पुरुषांत साधारण १५ जणांना असतं आणि बऱ्याच जणांना पत्ताही नसतो.

आता किस्सा ऐका, हा मी जिथे जाईन तिथे सांगतो. ओपीडीत दोन मित्र आले, एक जाडजूड, दुसरा उंच, काटकुळा. जाड्या जाम टेन्शनमध्ये, मोबाईलवर वाचून आलेला की वजन वाढलं की शिरांवर दाब येतो, म्हणजे आपल्याला हे असणारच. काटकुळा नुसता सोबतीला, खुर्चीत रेलून मित्राची खेचतोय, "सर, याला आधी काट्यावर उभा करा." जाड्याला तपासलं, उभं करून, श्वास रोखून खाली जोर द्यायला लावून, सोनोग्राफीही केली. काहीच नाही! जाड्या पट्टा आवळत बाहेर आला आणि तेवढ्यात काटकुळा हळूच म्हणतो, "सर, आलोच आहे तर... दिवसभर उभं राहिलो की डावीकडे जड जड वाटतं, संध्याकाळी ओढल्यासारखं दुखतं, आडवा झालो की बरं वाटतं." नेलं पडद्यामागे. हात लावायचीही गरज नव्हती, गांडुळांची पिशवी असावी तशा शिरा नुसत्या डोळ्यांना दिसत होत्या, ग्रेड तीन, म्हणजे सगळ्यात वरची पायरी. हे ऐकून जाड्या एवढा हसला की सिस्टर डोकावून गेल्या, मग मित्राचा उतरलेला चेहरा बघितला आणि गप्प होऊन त्यानेच विचारलं, "सर, याला मूल होईल ना?"

होऊ शकतं, व्हॅरिकोसील असलेल्या कितीतरी जणांना होतं. त्याचा वीर्याचा रिपोर्ट मात्र खराब आला, म्हणून मायक्रोस्कोपखाली ऑपरेशन केलं. आणि हो, शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिने लागतात, तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात रिपोर्ट मागू नका. इथे एक बोलूनच टाकतो, मूल होत नाही म्हटलं की बायकोच्या तपासण्यांची फाईल फुगत जाते आणि नवऱ्याची एक साधी टेस्ट सगळ्यात शेवटी, हे मला अजिबात पटत नाही.

तर मुद्दा, वजन जास्त म्हणून व्हॅरिकोसील, असं नाही. परत सांगतो, असं नाही. बऱ्याच अभ्यासांत उलटंच दिसलंय, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, जास्त तर व्हॅरिकोसीलचं प्रमाण कमी, उंच सडपातळ मंडळींत जास्त. डाव्या अंडकोषाची शीर लांब, ती किडनीच्या शिरेला काटकोनात मिळते आणि ती किडनीची शीर दोन धमन्यांच्या बेचक्यातून जाते, बारीक माणसात तिथे चरबी कमी म्हणून ती चेपत असावी असा अंदाज. जाड माणसात शिरा हाताला लागत नाहीत, म्हणून आकडा कमी दिसतो असंही काही डॉक्टर म्हणतात, पण सोनोग्राफी करून केलेल्या काही अभ्यासांतही तेच आलं.

म्हणून वजन वाढवायला लागू नका हं! लठ्ठपणाने टेस्टोस्टेरॉन घटतं, शुक्राणूंवरही परिणाम होतो, ती वेगळीच भानगड.

आणि शिरा एकट्या उजवीकडेच फुगल्या, किंवा आडवं पडूनही ओसरत नाहीत, तर लाजत बसू नका, पोटाची आणि किडनीची सोनोग्राफी लगेच करून घ्या, कधीकधी तिथली गाठ शीर दाबत असते.