अम्माऊसला जेवण कोणी वाढलं?

नमस्कार, श्रोतेहो.

ईस्टरनंतरच्या दिवसांत आपल्या वसईपासून थेट रोमपर्यंत चर्चमधून एक प्रसंग वाचला जातो. लूकच्या शुभवर्तमानातल्या चोविसाव्या अध्यायातला. गेली कित्येक शतकं हा प्रसंग चित्रकारांच्या मागे लागलेला आहे आणि मीही त्या चित्रांच्या मागे लागलेली आहे. आज त्यांतली काही चित्रं तुमच्यापुढे मांडणार आहे.

आधी प्रसंग. येशूला क्रुसावर चढवलं त्याचा तिसरा दिवस. त्याचे दोन शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊस नावाच्या गावाला निघालेत. सात मैलांची वाट, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटर. एकाचं नाव क्लयपा, दुसऱ्याचं लूकने सांगितलेलं नाही. दोघं खचलेले. वाटेत एक अनोळखी माणूस त्यांना गाठतो, काय बोलत चाललात म्हणून विचारतो. ते सगळं सांगतात. तो त्यांना शास्त्रलेख उलगडून दाखवतो. गाव येतं, दिवस कललेला असतो. तो पुढे जाऊ लागतो तेव्हा हे दोघं त्याला आग्रह करून ठेवून घेतात. मग जेवायला बसल्यावर तो भाकरी हातात घेतो, आशीर्वाद देतो, मोडतो आणि त्यांना देतो. तेव्हा त्यांचे डोळे उघडतात. हा तर येशू! आणि ओळख पटते न पटते तोच तो दिसेनासा होतो.

चित्रकाराच्या दृष्टीने हा फार अवघड प्रसंग आहे. समुद्र दुभंगत नाही, आंधळ्याला दिसू लागत नाही, मेलेला उठून बसत नाही. एका माणसाने भाकरी मोडली, एवढंच. जे काही घडलं ते दोन माणसांच्या मनात घडलं. बरं, ज्याला ओळखलं तो त्याच क्षणी नाहीसा झालेला. रंगवायचं काय?

सुरुवातीच्या कलावंतांनी जेवणापेक्षा वाट पसंत केली. इटलीत राव्हेन्ना इथे सांत अपोल्लिनारे नुओव्हो चर्चच्या भिंतीवर सहाव्या शतकातलं मोझॅक आहे. त्यात येशू मध्ये, दोन्ही बाजूंना दोघं शिष्य, मागे टेकडीवरचं गाव. स्पेनमध्ये सांतो दोमिंगो दे सिलोसच्या मठात बाराव्या शतकाच्या आसपासचं दगडी शिल्प आहे, तेही वाटेवरचंच. तिथे येशूच्या पडशीवर एक शिंपला कोरलाय. स्पेनमधल्या सान्तियागो या तीर्थाच्या यात्रेला जाणारे लोक हा शिंपला मिरवत. गळ्यातल्या तुळशीमाळेवरून आपण वारकरी ओळखतो, तशी ती खूण. म्हणजे त्या शिल्पकाराने येशूलाच यात्रेकरू केलं आणि मठात येणाऱ्या प्रत्येक पायी यात्रेकरूला सांगितलं, तुझ्याशेजारी कोण चाललंय ते बघ. मला हे शिल्प फार मोठं वाटतं.

पुढे चित्रकार वाटेवरून जेवणाच्या मेजाकडे वळले आणि तिथे त्यांनी एक गोष्ट केली. लूकने ज्याचा उल्लेखही केलेला नाही, असा माणूस चित्रात आणून उभा केला. वाढणारा माणूस. कधी खाणावळीचा मालक, कधी मोलकरीण, कधी पोरगा. जेवण आहे म्हटल्यावर कोणीतरी वाढलं असणारच, हा साधा विचार त्यामागे असेल. पण थोर चित्रकारांच्या हाती हा माणूस चित्राची किल्लीच बनला. कारण ओळख पटलेला चेहरा दाखवायचा, तर शेजारी ओळख न पटलेला चेहरा हवा.

काराव्हाज्जोचं चित्र घ्या. सन 1601, रोम. चिरियाको मात्तेई नावाच्या श्रीमंत गृहस्थाने ते करून घेतलं. आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. जवळजवळ दोन मीटर रुंद, माणसं खऱ्या आकाराची. डावीकडचा शिष्य खुर्चीचे हात दाबून उठण्याच्या बेतात आहे आणि त्याच्या कोटाचं कोपर फाटलंय, आतलं पांढरं दिसतंय. ते फाटकं कोपर अगदी आपल्या पुढ्यात येतं. उजवीकडच्याने दोन्ही हात फाकलेत, एक हात तर चित्राबाहेर आपल्या अंगावर आल्यासारखा. त्याच्याही छातीवर यात्रेकरूचा शिंपला आहे. मेजावर पाव, भाजलेली कोंबडी आणि फळांची टोपली. ती टोपली मेजाच्या काठावर अशी ठेवली आहे की आता पडेल, आपणच पुढे होऊन धरावी असं वाटतं.

आणि मधल्या येशूला दाढी नाही. भरल्या गालांचा तरुण. पुढे बेल्लोरी नावाच्या लेखकाने यावर टीका केली. शिष्य गावंढळ, येशू बिनदाढीचा, फळं ऋतू सोडून, असे त्याचे आक्षेप. पण मार्कच्या शुभवर्तमानात सांगितलंय की येशू त्या दोघांना निराळ्या रूपात दिसला. काराव्हाज्जोने तेच धरलं असावं. शिष्यांनी का ओळखलं नाही, याचं उत्तर त्याने बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोरच ठेवलं.

आता मालकाकडे बघा. येशूच्या शेजारी उभा, डोक्यावरची टोपीही काढलेली नाही. पाहुणे एकदम असे का दचकले, हे त्याला कळत नाही. तो लक्ष देऊन बघतोय, त्याची नजर येशूवरच आहे, तरी त्याला काही दिसत नाही. तोच उजेड, तेच मेज, तोच माणूस समोर. त्याची सावली मात्र मागच्या भिंतीवर नेमकी येशूच्या डोक्याभोवती पडलीय. प्रभावळीच्या जागी सावली! आणि ती पाडणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही.

1606 च्या मे महिन्यात काराव्हाज्जोच्या हातून रोममध्ये एकाचा खून झाला आणि तो पळाला. त्या वर्षी त्याने हाच प्रसंग पुन्हा रंगवला. ते चित्र मिलानच्या ब्रेरा संग्रहालयात आहे. फळं गेली, फाकलेले हात गेले. मेजावर जेमतेम पाव, एक जग, थोडी भांडी. येशू थकलेला, अर्धा चेहरा काळोखात. मालकाशेजारी एक म्हातारी आलीय, सुरकुतल्या कपाळाची, हातात मटणाचं ताट घेऊन खाली बघणारी. पहिलं चित्र लोकांना जास्त आवडतं. मला हे दुसरं जास्त खरं वाटतं. इथे कोणी ओरडत नाही.

रेम्ब्रांट या प्रसंगाकडे आयुष्यभर परत परत आला. पॅरिसच्या जॅकमार-आंद्रे संग्रहालयातलं 1629 च्या सुमाराचं चित्र त्याने तेवीस-एक वर्षांचा असताना केलं. लहानसं आहे, कागदावर रंगवून फळीवर चिकटवलेलं. दिवा येशूच्या पलीकडे आहे, त्यामुळे आपल्याला दिसते फक्त त्याची काळी बाह्याकृती. एक शिष्य भेदरून मागे सरकलाय, दुसरा पायांशी कोसळलाय, तो काळोखात शोधावा लागतो. आणि दूर, घराच्या आतल्या भागात एक बाई दुसऱ्या छोट्या उजेडात स्वयंपाकाच्या कामात वाकलेली. तिला इकडचं काहीच माहीत नाही. दोन उजेड, दोन जगं, एकच घर. लूव्हरमधल्या 1648 च्या चित्रात हे सगळं शांत होतं. मागे उंच कमान, आणि ताट घेऊन येणारा पोरगा. पण तरुण रेम्ब्रांटची ती पाठमोरी बाई माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

या प्रसंगाच्या नावावर एक मोठी फसवणूकही झाली आहे. 1937 साली हॉलंडमध्ये व्हर्मीर या सतराव्या शतकातल्या थोर डच चित्रकाराचं एक अज्ञात चित्र सापडल्याची बातमी आली. विषय, अम्माऊसचं जेवण. ऐंशी ओलांडलेले अब्राहम ब्रेडियस हे डच कलेतले फार मोठे जाणकार. त्यांनी ते अस्सल ठरवलं, नावाजलं, आणि रोटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयासाठी ते प्रचंड किमतीला घेतलं गेलं. ते केलं होतं हान व्हान मेगेरेन नावाच्या त्यांच्याच काळातल्या चित्रकाराने. जुन्या कॅनव्हासवर, रंगात कृत्रिम राळ मिसळून, भट्टीत भाजून त्याने ते जुनं दिसेलसं केलं. 1945 मध्ये त्याला अटक झाली ती वेगळ्याच कारणाने. व्हर्मीरचं एक चित्र त्याने नाझी सेनानी गोरिंगला विकलं, असा आरोप. देशद्रोहाचा डाग नको म्हणून त्याने कबूल केलं की तेही मीच केलेलं आहे, आणि हे अम्माऊसही. पहाऱ्यात बसून आणखी एक चित्र काढून दाखवलं, तेव्हा कुठे लोकांचा विश्वास बसला. त्या अम्माऊसमध्येही मागे एक वाढणारी बाई उभी आहे. जाणकारांना तिथे व्हर्मीर दिसला, कारण तो दिसावा अशी त्यांना आस होती.

याच्या उलट घडलं ते व्हेलास्केसच्या चित्राबाबत. आजचं बोलणं मला तिथेच न्यायचं होतं.

स्पेनमधलं सेव्हिल, 1617-18 चा सुमार. व्हेलास्केस अठरा-एकोणीस वर्षांचा. आडवं, फार मोठं नसलेलं चित्र. स्वयंपाकघरात कामाच्या मेजामागे आफ्रिकी वंशाची एक तरुण मोलकरीण उभी आहे, डोक्यावर पांढरी टोपी. पुढ्यात पितळी खलबत्ता, लसूण, पालथी घातलेली भांडी, चुरगळलेलं फडकं. एका हाताने तिने जग धरलाय. त्या काळच्या सेव्हिलमध्ये आफ्रिकेतून आणलेले गुलाम हजारोंनी होते, घराघरांत राबत होते. ही त्यांतलीच असणार. कित्येक वर्षं लोक हे निव्वळ स्वयंपाकघराचं चित्र समजत होते. 1933 साली ते साफ करताना वरून चढवलेला रंग निघाला आणि मागच्या भिंतीत झरोका उघडला. झरोक्यापलीकडे मेज, मेजाशी येशू आणि एक शिष्य. दुसऱ्या शिष्याचा फक्त हात उरलाय, कारण चित्राची डावी कड केव्हातरी कापली गेली.

म्हणजे व्हेलास्केसने सगळी मांडणीच उलटी केली. लूकची गोष्ट मागे, छोटीशी, झरोक्यात. जिचं नावही लूकने घेतलं नाही ती पुढे, मोठी, उजेडात. तिने मान किंचित कलती केली आहे, त्या झरोक्याच्या दिशेला. हातातलं काम थांबलंय. ती दमून थांबली आहे की ऐकते आहे, यावर अभ्यासक वाद घालतात. माझं मत स्पष्ट आहे. ती ऐकते आहे. मागे वळून बघण्याचीही तिला गरज पडलेली नाही. काराव्हाज्जोचा मालक समोर बघूनही कोरडा राहिला, हिला पाठमोरं असतानाच कळलं. आणि एका गुलाम मुलीला हे कळतंय असं रंगवायला त्या शहरात, त्या काळात, एका विशीही न गाठलेल्या पोराला केवढी नजर लागली असेल!

शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये याच मोलकरणीचं व्हेलास्केसचं आणखी एक चित्र आहे. तिथे झरोका नाही, अम्माऊस नाही. तेही चांगलं चित्र आहे, पण तिथे ती नुसती कामात दिसते. झरोकावालं चित्र डब्लिनला, आयर्लंडच्या नॅशनल गॅलरीत आहे. डब्लिनमध्ये आता आपली बरीच मराठी मंडळी राहतात, त्यांतलं कोणी ऐकत असेल तर एखाद्या सुट्टीच्या दिवशी जरूर जा. कायमच्या संग्रहाला तिकीट नाही. आधी तिचे हात बघा, मग मान कुठे कललीय ते बघा, आणि झरोक्याकडे सगळ्यात शेवटी.

नमस्कार.