खोडदच्या जाळ्या

(पहाट. उसाचं शेत, त्याच्या मागे अगदी सावकाश फिरणारी डिश.)

पुणे-नाशिक रोडने नारायणगावला आलात की तिथून पूर्वेला खोडदचा रस्ता लागतो, दोन्हीकडे ऊस, टोमॅटो, द्राक्षाच्या बागा, आणि मग एकदम शेतातून डोकं वर काढून उभी असलेली एक अवाढव्य वाटी दिसते. मग दुसरी. मग तिसरी. नारायणगाव म्हटलं की आपल्याला तमाशाच्या राहुट्या आठवतात, जुन्नर म्हटलं की शिवनेरी आणि हल्ली बिबटे, पण जगभरातले खगोलशास्त्रज्ञ हा तालुका ओळखतात तो या वाट्यांमुळे. या सगळ्याचं नाव जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी पकडणारी दुर्बीण. 30 डिश, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर, आणि या सगळ्या मिळून एकच दुर्बीण.

दुर्बीण म्हणजे लांबचं मोठं करून दाखवणारं यंत्र असं आपण शाळेपासून धरून चालतो. पण तिचं पहिलं काम गोळा करण्याचं आहे. पावसात अंगणात वाटी ठेवली आणि शेजारी परात ठेवली तर परातीत जास्त पाणी जमणार, तसंच. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर 7 मिलिमीटर उघडते, म्हणजे 10 सेंटीमीटरचा साधा आरसा घेतला तरी तो डोळ्याच्या दोनशे पट प्रकाश गोळा करतो, आणि म्हणून नुसत्या डोळ्यांना न दिसणारे तारे त्यात दिसायला लागतात.

दुसरं काम म्हणजे बारकावा, जवळजवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवणं, आणि इथे रेडिओवाल्यांची खरी अडचण सुरू होते. लहर जितकी लांब तितकी दुर्बीण रुंद लागते. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही छोटी असते, आणि खोडदला येणाऱ्या रेडिओलहरी 21 सेंटीमीटरपासून ते 2 मीटरपर्यंत लांब. त्यामुळे 45 मीटरची एक डिश, जी आपल्याला डोंगराएवढी वाटते, तिला एकटीला आकाशात चंद्राच्या निम्म्याअर्ध्या रुंदीपेक्षा बारीक काही वेगळं काढता येत नाही. बारीक बघायचं तर डिश कित्येक किलोमीटर रुंद पाहिजे, आणि तशी तर कोणी बांधू शकत नाही.

(वरून दृश्य: मधोमध डिशचा पुंजका, तीन दिशांना गेलेल्या रांगा.)

मग काय केलं, तर 14 डिश मधल्या एक किलोमीटरच्या चौकोनात ठेवल्या आणि उरलेल्या 16 पूर्व, पश्चिम आणि दक्षिण अशा तीन हातांवर लांब लांब नेल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण 25 किलोमीटर. रात्री उसात खसखस झाली तर बिबट्या कुठल्या बाजूला आहे ते आपल्याला न बघता कळतं, कारण तो आवाज एका कानाला आधी पोचतो आणि दुसऱ्याला केसभर उशिरा. इथेही तेच चालतं. एकाच आकाशगंगेची लहर एका डिशला आधी लागते, दुसरीला जरा नंतर, आणि प्रत्येक जोडीतला तो फरक मोजला की ती नेमकी कुठून आली ते निघतं. 30 डिशच्या जोड्या होतात 435! सगळ्यांचे सिग्नल ऑप्टिकल फायबरने मधल्या बिल्डिंगमध्ये येतात, तिथे कॉम्प्युटर ते एकमेकांशी ताडून बघतो, आणि त्यातच पृथ्वी फिरत असल्यामुळे दर तासाला या जोड्या आकाशाकडे वेगळ्या कोनातून बघतात, म्हणजे रिकाम्या जागा आपोआप भरत जातात. शेवटी जो फोटो तयार होतो त्यातला बारकावा 25 किलोमीटर रुंद डिशचा असतो.

आता जवळ जाऊन डिश नीट बघा. पत्रा नाहीये तो, जाळी आहे, बारीक स्टीलच्या तारेची, आरपार आभाळ दिसतं. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच. लहर जर वीतभर किंवा माणसाएवढी लांब असेल तर एक-दोन सेंटीमीटरचं भोक तिला भोक वाटतच नाही, ती गुळगुळीत आरशावरून परतावी तशी परतते, पण वारा मात्र त्यातून निघून जातो. वारा निघून जातो म्हणून सांगाडा हलका चालतो, सांगाडा हलका म्हणून लोखंड कमी, आणि लोखंड कमी म्हणून आपल्या देशाच्या बजेटमध्ये अशा 30 उभ्या राहिल्या. ताणलेल्या दोरांवर जाळी बसवायची ही आयडिया खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या टीमची. तिसांच्या तोंडाचं क्षेत्रफळ एकत्र केलं तर जवळजवळ बारा एकर भरतं, बारा एकराची परात!

स्वरूप यांची सुरुवातही महाराष्ट्रातच झाली. 1965 मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियातून आलेल्या सहा-सहा फुटांच्या 32 डिश कल्याणजवळ लावून सूर्याचा अभ्यास सुरू केला. मग 1970 ला उटीची दुर्बीण, 530 मीटर लांब, आणि तिच्यासाठी असा डोंगर शोधला की ज्याचा उतार तिथल्या अक्षांशाएवढाच, 11 अंश, म्हणजे दुर्बिणीचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर झाला आणि तारा मावळेपर्यंत ती एकाच आसावर फिरत त्याच्या मागे जाऊ शकते. त्याच माणसाने पुढे टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेतून खोडदचा घाट घातला. 2020 मध्ये ते गेले.

या दुर्बिणीमागचं मोठं स्वप्न होतं हायड्रोजन. विश्वात सगळ्यात जास्त असणारा हा वायू, तारे त्याच्यापासूनच बनतात, आणि तो 21 सेंटीमीटरची एक खूप अशक्त लहर सोडतो. विश्व प्रसरण पावतंय म्हणून लांबून येता येता ही लहरही ताणली जाते. 2023 मध्ये खोडदच्या डेटातून एका दूरच्या आकाशगंगेची अशी एक लहर जाहीर झाली, निघाली तेव्हा 21 सेंटीमीटर आणि पोचली तेव्हा 48. ती निघाली 880 कोटी वर्षांपूर्वी, आपली पृथ्वी झालीये साधारण 450 कोटी वर्षांची, म्हणजे ती निघाली तेव्हा जुन्नर सोडा, सूर्यसुद्धा नव्हता. एवढ्या लांबून ती पकडता आली कारण वाटेत दुसरी एक आकाशगंगा होती, तिच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखं काम केलं आणि सिग्नल 30 पट वाढवला.

(दृश्य: बंद केलेला मोबाईल.)

इथे आत जाताना मोबाईल बंद करावा लागतो. आकाशातून येणारा सिग्नल इतका दुबळा असतो की जवळचा एक चालू फोन त्याच्यासमोर लाऊडस्पीकरसारखा आहे, विजेच्या तारेवरच्या ठिणगीचासुद्धा इथे त्रास होतो. आजूबाजूचे डोंगर शहराचा गोंगाट थोडा अडवतात, जागा निवडताना ते बघितलंच होतं.

आणि ही शांतता असली की काय ऐकू येतं बघा. 19 ऑक्टोबर 2016 ला युरोपचं स्कियापरेली यान मंगळावर उतरत होतं. त्याचा सिग्नल मुळात जवळ फिरणाऱ्या यानांसाठी होता, पृथ्वीसाठी नव्हताच, आणि मंगळ तेव्हा साडेसतरा कोटी किलोमीटरवर. आपल्याकडे संध्याकाळ झाली होती, खोडदच्या डिश मंगळाकडे वळवल्या होत्या आणि सिग्नल मिळाला. यानाचा वेग बदलला की सिग्नलची फ्रिक्वेन्सी सरकते, तशी ती सरकताना दिसत होती, पॅराशूट उघडल्याचंही त्यातच कळलं. नंतर, उतरायच्या वेळेच्या मिनिटभर आधी, तो थांबला. यानाच्या कॉम्प्युटरला उंची चुकीची कळली होती, त्याने पॅराशूट लवकर सोडलं आणि यान मंगळावर आदळलं. सिग्नलला इथे यायला पावणेदहा मिनिटं लागत होती, त्यामुळे खोडदला तो ऐकू येत होता तेव्हा तिकडे मंगळावर सगळं आधीच संपलेलं होतं.